सात रात्री, आठ दिवस

परळला, हॉस्पिटलसमोरच्या फुटपाथवर
किन्ले उभा होता, शर्ट-पॅन्टीत.
ओळखलाच नाही मी.
त्याच्या देशात तो गुडघ्यापर्यंतच्या झग्यात असायचा,
दुमडलेल्या पांढऱ्या बाह्या, काळे मोजे,
हातात आमच्या टूरची पिवळी झेंडी.
म्हणाला, "मॅडम. बायको. आठवा मजला."
इतकंच.

तेव्हा आम्ही एकोणतीस जण होतो.
खाकरे होते, लसणाची चटणी होती,
घैसासांनी इलेक्ट्रिक किटली आणलेली,
तिच्यासाठी प्रत्येक मठात ते प्लग शोधायचे.
गाडीत कुणीतरी सारखं विचारायचं, अजून किती?
आणि किन्ले सांगायचा, दोन वळणं.
नेहमी दोनच.
नदी हिरवी, छपरांवर वाळत घातलेल्या लाल मिरच्या.
घरी येऊन मोजले तर
नुसत्या मिरच्यांचेच फोटो शहाऐंशी.

कड्याला चिकटलेल्या मठाकडे सगळे चढले,
माझे गुडघे अर्ध्यावर बसले.
तोही बसला माझ्याजवळ, चहाच्या टपरीत.
गप्प बसवेना म्हणून सांगितलं, आम्हीही बौद्धच.
"कधीपासून?"
छप्पन सालापासून. माझे आजोबा नागपूरला गेले होते,
उसना पांढरा सदरा घालून.
तो जरा वेळ बोटांवर काहीतरी मोजत राहिला.
मग म्हणाला, "आमच्यात कुणालाच तारीख सांगता येत नाही.
तुमचं बरं आहे."
हे मी विक्रोळीत पुष्कळ जणांना ऐकवलंय.
कुणी हसलं, कुणी नाही.

आता त्याला सिस्टरने खाली पाठवलेलं.
मेहुणी बसलीय वर, तुम्ही सहापर्यंत यायचं नाही,
जा, काहीतरी बघून या.
"इथे बघण्यासारखं काय आहे, मॅडम?"
समुद्र, मी म्हटलं.
तो बघून आला होता.
"पाणी फार आहे. नजर टेकवायला काही नाही."

मग टॅक्सी केली थेट बोरिवलीपर्यंत.
मीटरकडे मी बघितलं नाही, तोही बघत नव्हता.
पार्काच्या दारातून पुढे बस, माकडं, काकडीवाल्या,
आणि कान्हेरीच्या पायऱ्या.
आता झेंडी माझ्या हातात, म्हणजे छत्री.
बोलत सुटले मी:
ही चैत्याची लेणी, या पाण्याच्या टाक्या, पोढ्या म्हणायचे,
ह्या टाकीचा खर्च कुण्या व्यापाऱ्याने दिलेला,
लिहून ठेवलंय बघ, नाव, गाव, सगळं.
वाचता मला येत नाही, पण लिहिलंय.
त्याने स्तूपाला उजवी घातली,
मी तीन फेऱ्यांनंतर खांबाला टेकले,
तो फिरतच राहिला,
ओठ हलत होते, मोजत असावा, किंवा नसावाही.

वर चढताना म्हणाला, अजून किती?
दोन वळणं, मी म्हटलं.
दोघांनाही हसू आलं नाही.

वरच्या अंगाला एक खोली आहे,
भिख्खूची, एका माणसापुरती,
आत भिंतीलगत दगडाचा ओटा.
बघतो म्हणून वाकून आत गेला
आणि बाहेर येईना.
डोकावले तर ओट्यावर आडवा,
गुडघे पोटाशी, बूट खाली नीट जोडून ठेवलेले.
नऊ रात्री तो हॉस्पिटलच्या जिन्यात बसून होता,
हे टॅक्सीत कधीतरी बोलला होता,
मी तेव्हा त्याला फ्लायओव्हर दाखवत होते.

त्याचा फोन माझ्या पर्समध्ये.
दारात बसले, पाय पसरून.
टाकीवर एक माकडीण पाणी पीत होती,
पोटाला पिल्लू, एक डोळा माझ्यावर.

पाचला शिट्टी वाजली.
वॉचमन आला, छातीवरच्या पट्टीवर नाव भोये.
"बाई, इथे झोपायला परवानगी नाही."
मी म्हटलं, झोपण्यासाठीच तर खोदलीय ही.
त्याने आत पाहिलं,
बूट पाहिले,
टोपी काढली, घाम पुसला.
"कुठले पाहुणे?"
लांबचे, मी म्हटलं. डोंगरातले.

"मग मी आधी वरच्या लेण्या रिकाम्या करून येतो,"
तो म्हणाला,
आणि शिट्टी खिशात टाकून
पायऱ्या चढू लागला, एकेक करत, सावकाश.